गाणे आणि टूथपेस्ट



ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या, तेव्हा त्यांची वार्ता छापील कागदानेच गावोगाव नेली.
ग्रामोफोन कंपनीच्या सूचिपत्रांत गायक-गायिकांची नामावली असे. कंपनीच्या बोधचिन्हातला, कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला श्वान तर घरोघरी परिचित झाला.

परंतु कागदाला कंठ नसतो.
जाहिरातीला कंठ दिला रेडिओने.

१९५२ साली नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी, अभिजात संगीताविषयीच्या कळकळीपोटी, आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव केला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, समुद्रापलीकडच्या रेडिओ सिलोनवरून, अमीन सायानी यांच्या आर्जवी स्वरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली.

केसकरांचा हेतू उदात्त होता; पण फर्मानाने अभिरुची घडते, हे काही आम्हांस पटत नाही.

बिनाका ही टूथपेस्ट.
बुधवारी रात्री लोक गाण्यांसाठी रेडिओभोवती जमत, आणि टूथपेस्टचे नाव घेत.
पुढे त्या मालेत गीतांची क्रमवारी लागू लागली, तेव्हा वर चढणाऱ्या गाण्याचीही आपोआप प्रसिद्धी होई.

पुन्हा सांगतो, श्रोतेहो.
गाण्याने टूथपेस्ट खपवली, आणि टूथपेस्टने गाणे.

शेवटी १९५७ साली आकाशवाणीनेही चित्रपटगीतांना वाव देणारी विविध भारती ही सेवा सुरू केली.
तिच्यावर जाहिराती मात्र १९६७ साली आल्या. त्यांचा पहिला मान मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांचा.

मग चित्रपटनिर्मातेही प्रायोजित कार्यक्रमांसाठी वेळ विकत घेऊ लागले, आणि तोवर टूथपेस्टच्या खर्चाने वाजणारे गाणे स्वतःच्या प्रसिद्धीचे पैसे स्वतःच मोजू लागले.