कपावरील छपाई : उष्णतेचा हिशेब
(बचत गटांच्या मार्गदर्शकांसाठी भरविलेल्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)



डबीत ठेवलेला कापूर हळूहळू विरतो, कपाटातील डांबरगोळी दिवसेंदिवस लहान होत जाते. स्थायू पदार्थ द्रवरूप न होता थेट वायुरूप होण्याच्या या क्रियेस आपण शाळेत संप्लवन म्हणतो. कपावर नाव, छायाचित्र किंवा संस्थेचे बोधचिन्ह उमटवून देण्याचा जो व्यवसाय आज तालुक्याच्या गावीही दिसतो, तो याच क्रियेवर उभा आहे. काही विशिष्ट रंग तापविले असता वायुरूप होऊन कृत्रिम धाग्यात शिरतात, ही गोष्ट १९५७ साली फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांनी ओळखली. कापडावरून ही पद्धत पुढे कपापर्यंत आली.

येथे एक गैरसमज प्रथम दूर करावयास हवा. हा रंग चिनीमातीत मुळीच शिरत नाही. या कामासाठी मिळणाऱ्या पांढऱ्या कपांवर पॉलिस्टर जातीचा पारदर्शक लेप दिलेला असतो. उष्णतेने तो लेप सैलावतो, वायुरूप रंग त्यात शिरतो आणि कप निवताच तेथेच अडकून पडतो. भांड्यांच्या दुकानातून स्वस्त पडतो म्हणून आणलेला साधा कप कितीही तापविला तरी त्याच्यावर टिकाऊ चित्र उमटणार नाही. शिवाय या शाईत पांढरा रंग नसतो. चित्रातील पांढरे म्हणजे कपाचेच पांढरे होय.

कृती सांगावयास सोपी आहे. विशेष शाई भरलेल्या प्रिंटरवर चित्र आरशातल्यासारखे उलटे छापावयाचे. कागदावर ते फिकट दिसते. तेवढ्याने घाबरून जाऊ नये. कप कोरड्या फडक्याने पुसून कागद त्यावर घट्ट गुंडाळावयाचा आणि उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने बांधावयाचा. त्यावर सिलिकॉन रबराचा, बाहेरून पत्र्याचे कवच असलेला पट्टा आवळावयाचा. व्यवसायात त्यास ‘रॅप’ म्हणतात. मग हे सर्व आधी तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्ये जाते. तापमान १९० ते २०० अंश सेल्सिअस आणि वेळ सामान्यतः १२ ते १८ मिनिटे. बाहेर काढल्यावर जाड हातमोजे घालून पट्टा व कागद त्वरित काढावेत, कारण कप गरम असेतो रंग पसरतच राहतो. पट्टा सर्वत्र सारखा आवळलेला नसेल तर तेथे चित्र फिके पडते. कागद सरकला तर अक्षरांना सावली येते. कागदात दमट हवेचा ओलावा राहिला तर डाग पडतात. कोकणातील पावसाळ्यात हा तिसरा दोष फार छळतो. कपाच्या कानाजवळ पट्टा टेकत नाही, म्हणून तेथपर्यंत चित्र नेण्याचा हट्ट धरू नये.

कपासाठी स्वतंत्र दाबयंत्रही मिळते. त्यात साधारण तीन मिनिटांत एक कप होतो, पण बहुधा एका वेळी एकच. ओव्हन व पट्टे यांचा गुण हा की, एका खेपेस डझनभर कप लागतात आणि तेवढ्यात गटातील भगिनी पुढील कप बांधून ठेवू शकतात. दोन हजार वॅटचा ओव्हन अर्धा तास अखंड चालला तरी एक युनिट वीज. खर्चाचा खरा भार विजेचा नाही, बिघडलेल्या कपांचा आहे.

याचा धडा मला काही वर्षांपूर्वी मिळाला. नऊ भगिनींच्या एका गटास शाळेच्या बक्षीस समारंभासाठी साठ कपांचे काम मिळाले होते आणि मार्गदर्शक मी होतो. आदल्या दिवशी चार कप पंधरा मिनिटे ठेवून पाहिले, उत्तम उतरले. दुसऱ्या दिवशी मी बारा कप लावले आणि वेळ मात्र तीच ठेवली. बारा थंड कपांनी व त्यांच्या पट्ट्यांनी ओव्हनची उष्णता ओढून घेतली, हे माझ्या ध्यानी आले नाही. दाराजवळचे कप फिके निघाले. घाईने पुढील खेप मी पंचवीस मिनिटे ठेवली, तर काळी अक्षरे तपकिरी होऊन फुगली. चोवीसपैकी एकोणीस कप गेले, आणि पैसा गटाच्या अंतर्गत कर्जाचा होता. एका भगिनीने चित्र घासून कप पुन्हा वापरता येईल का, म्हणून राख घेऊन पाहिली. रंग हलेना. जो गुण ग्राहकास आम्ही सांगत होतो, तोच तेव्हा आमच्या मुळावर आला होता. ते कप शेवटी घरोघरी चहाला गेले. अर्धवट उमटलेले शाळेचे नाव मी त्यानंतर अनेकदा ओठाशी धरले आहे.

तेव्हापासून आम्ही ओव्हनच्या खुंटीवरील आकड्यावर विसंबत नाही. आत स्वतंत्र तापमापक ठेवतो, चार, आठ आणि बारा कपांसाठी निरनिराळी वेळ आजमावून वहीत लिहितो, आणि खेपेच्या मध्ये वीज गेली तर काय करावयाचे तेही ठरवून ठेवतो. ओव्हन या कामापुरताच असावा. त्यात पुन्हा अन्न शिजवू नये. खोलीला खिडकी हवी.

अधिकारी बंधूंना एक विनंती. २००८ पासूनचा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम असो वा राज्याचा २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, अशा योजनांसाठी केलेल्या प्रकल्प अहवालात प्रिंटर, संगणक व ओव्हन यांच्या किमती काटेकोर असतात. पण शिकताना वाया जाणाऱ्या कपांची ओळ मी क्वचितच पाहिली आहे. ती ओळ नसलेला अहवाल परत पाठवावा. मागणीही वर्षभर सारखी नसते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण आणि शाळांची स्नेहसंमेलने यांच्या हंगामात हात पुरत नाहीत, आणि पावसाळ्याच्या आरंभी ओव्हन थंड असतो. कर्जाचे हप्ते ठरविताना हे पाहिले जावे. पंचायत सदस्यांनी गावातील बक्षिसांचे काम शहरातून करून आणण्यापूर्वी आपल्या गटाकडे एकदा नमुना मागावा. नमुना चांगला नसेल तर निःसंकोच नाकारावा.

आणि शिक्षक मित्रहो, छपाईपूर्वी मजकूर तुम्ही वाचून द्यावा. भ्रमणध्वनीवरून आलेला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की जोडाक्षरे कधी कधी फुटतात, आणि ‘आशीर्वाद’ या शब्दातील ‘शी’ ऱ्हस्व करणारे तर आपल्यात पुष्कळ आहेत. कपावर चढलेली चूक खोडता येत नाही.

मागील मेजावरील ओव्हन आता १९५ अंशांपर्यंत आलेला दिसतो. प्रथम चार कप लावू, मग बारा. दोन्ही खेपांची वेळ आपणांपैकी कोणी तरी फळ्यावर लिहून ठेवावी.