वृद्धनिवासातील करार
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून वधूवरसूचन, विद्यार्थिसाहाय्य इत्यादी विषयांवर पुष्कळ बोलले जाते. आज मी निवडलेला विषय चारचौघांत काढू नये अशी आपल्याकडे समजूत आहे. आपल्या कित्येक कुटुंबांतील वडीलधारी माणसे खासगी वृद्धनिवासांत राहू लागली आहेत. मुले दूरदेशी असतात. कोणास मुलेच नसतात. त्यात लाजिरवाणे असे काही मला दिसत नाही. परंतु सोयरीक जुळविताना आपण जितकी चौकशी करतो, तिच्या दशांशानेही आपण तेथील करारनाम्याची करीत नाही, याचे मात्र नवल वाटते.

आपल्यातील एका वृद्ध भगिनीने आपला करारनामा मला दाखविला. भरभक्कम ठेव व मासिक शुल्क देऊन त्यांनी एक खोली घेतली होती. ठेवीविषयी एवढेच वाक्य होते की, ती ‘संस्थेच्या नियमांनुसार’ परत मिळेल. ते नियम मात्र त्यांना कधी देण्यात आले नव्हते. आणखी एका कलमान्वये, निवासी अंथरुणास खिळल्यास त्यास अन्यत्र हलविण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला होता. पडून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि रुग्णालयातून परतण्याच्या दिवशी ‘आता येथे सोय होणार नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्या माणसाने जावे कोठे? जुने घर तर पूर्वीच विकलेले असते. सही करण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न हाच होय.

कायद्याच्या दृष्टीने असा निवासी बहुधा भाडेकरू नसतो, तर केवळ परवानाधारक असतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार परवान्याने जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. तथापि तो कायदा परवानाधारकास अगदीच वाऱ्यावर सोडीत नाही. परवाना रद्द झाल्यास जागा सोडण्यास व सामान हलविण्यास वाजवी अवधी मिळाला पाहिजे. आणि मोबदला दिलेला असून स्वतःचा दोष नसताना मुदतीपूर्वी बाहेर काढल्यास भरपाई मागता येते. शिवाय कागदाच्या मथळ्यावर सर्व काही ठरत नाही. शब्दांपेक्षा व्यवहाराचा आशय पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सांगितले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा वा ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. जेवण, शुश्रूषा, स्वच्छता या पैसे देऊन घेतलेल्या सेवा होत. त्यांत कसूर झाल्यास ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. २०१९ च्या कायद्यान्वये तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते.

ज्येष्ठांसाठी बांधलेल्या संकुलात सदनिका विकत घेणाऱ्यांची अडचण निराळी. सदनिका आपली, परंतु स्वयंपाकघर आणि परिचारिका कोणाची? विकासक निघून गेल्यावर सेवा कोण चालविणार? केंद्र शासनाच्या २०१९ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी विकासक, सेवा देणारी संस्था आणि ग्राहक यांचा त्रिपक्षीय करार सुचविला आहे. महारेराने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी रुंद दारे, चाकांच्या खुर्चीस योग्य उद्वाहक, आधाराचे कठडे इत्यादींचे नियम घालून दिले.

मुलांविषयी थोडेसे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरण निर्वाहभत्ता देववू शकते. पण त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे, आणि खासगी निवासाचे शुल्क पुष्कळदा याहून अधिक असते. म्हणून घराचे बक्षीसपत्र करणाऱ्यांनी सांभाळाची अट त्यातच स्पष्ट लिहावी. कलम २३ चा आधार अशा अटीवरच उभा आहे. प्रेमाच्या माणसांत कागद कशाला, असे म्हणणारे गृहस्थ मला पुष्कळ भेटतात. त्यांपैकी काही नंतर न्यायाधिकरणाच्या बाकावरही भेटतात.

१४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा विनामूल्य दूरध्वनी आहे. त्याचा उपयोग अवश्य करावा. परंतु रविवारी भेटीस येणारे माणूस दूरध्वनीतून मिळत नाही. ज्या निवासीकडे कोणी ना कोणी नियमाने येते, त्याच्या ताटाकडे व अंथरुणाकडे व्यवस्थापनाचेही लक्ष राहते, असा माझा अनुभव आहे. म्हणून एक वकील, एक डॉक्टर आणि बँकेतून निवृत्त झालेला एक सभासद अशी तिघांची समिती मंडळाने नेमावी, अशी माझी सूचना आहे. तिने करारनामे वाचून द्यावेत आणि महिन्यातून एकदा प्रत्येक निवासात जाऊन यावे. ज्यांना आपला कागद दाखवावयाचा असेल, त्यांनी त्याची प्रत कार्यवाहांकडे द्यावी. रकमेचे आकडे झाकले तरी चालतील. ठेव परत मिळण्याचे कलम मात्र झाकू नये.