बर्फावरचा पाऊस



उत्तर रशियातला यामल द्वीपकल्प.
इथले नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप पाळतात.
अन्न, कपडे, तंबूची कातडी…
सगळं रेनडिअरचंच.

हिवाळ्यात रेनडिअर खुरांनी भुसभुशीत बर्फ उकरतो.
खाली त्याचं खाणं असतं,
आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीचं.

2013 च्या नोव्हेंबरात तिथे बर्फावर पाऊस पडला.
मागोमाग कडाक्याची थंडी.
पाणी गोठलं.
टणक थर बसला.
खुरं झिजली, पण थर फुटेना.
हजारो रेनडिअर उपाशी मेले.

थंडीला हा प्राणी डरत नाही.
घात केला तो पावसानं.
पुन्हा सांगते, बर्फावरच्या पावसानं.

शेजारच्या समुद्रावरचा बर्फ घटतोय.
उघड्या पाण्याची वाफ हवेत मिसळते,
आणि ऐन हिवाळ्यात पाऊस येतो.

कळप गमावलेली कुटुंबं मासेमारीवर जगली.
नातलगांकडून माद्या उसन्या घेऊन
त्यांनी पुन्हा कळप उभे करायला घेतले.