सासवड

पुण्याहून दिवे घाट चढून गेल्यावर कऱ्हाकाठी, पुरंदरच्या डोंगरछायेत सासवड वसले आहे. ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची समाधी येथे आहे. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी याच गावी विसावते. थोरला भाऊ धाकट्याच्या दारी येतो, अशी वारकऱ्यांची हृद्य भावना. जवळच्या पुरंदर किल्ल्यावर 1657 मध्ये संभाजी महाराजांचा, तर 1774 मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला. मात्र सासवडची माती साहित्यात रुजवली ती प्रल्हाद केशव अत्र्यांनी. 1898 मध्ये परिसरातील कोढीत गावी जन्मलेल्या अत्र्यांनी आत्मचरित्राला कऱ्हेचेच नाव दिले. त्यांच्या ‘श्यामची आई’ चित्रपटाला 1954 मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले.