वाफसा आणि विजेची शलाका

मृगाचा पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवसांनी शेतकरी रानात जातो, चार बोटे खोलीवरची माती मुठीत घेतो, ती दाबतो आणि मूठ उघडून पाहतो. माती बोटांना चिकटून राहिली तर रान अजून चिखलाचे आहे. मूठ उघडताच भुगा होऊन सांडली तर ओल पुरेशी नाही. गोळा झाला आणि अंगठ्याच्या हलक्या दाबाने सुटला, म्हणजे वाफसा आला. वाफसा या शब्दाला इतर भाषांत नेमका प्रतिशब्द सापडणे कठीण. कानडीत 'हद' हा शब्द त्याच्या जवळपास येतो. जमिनीत पाणी किती, एवढेच हा शब्द सांगत नाही. पाणी आणि हवा यांचे प्रमाण पिकाच्या मुळांना मानवेल असे झाले आहे, हे तो सांगतो. या मोजमापाला आकडा नाही, एकक नाही. आहे ती केवळ मूठ, आणि मुठीमागे एखाद्या घराण्याचा त्या विशिष्ट जमिनीशी असलेला तीन-चार पिढ्यांचा परिचय.

अलीकडे या मुठीच्या जागी एक उपकरण येऊ पाहत आहे. दोन-तीन धातूच्या शलाका मातीत खुपसावयाच्या आणि तारेने जोडलेल्या यंत्रावर ओलीचा आकडा वाचावयाचा, असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. या उपकरणाचा विचार बेंगळुरू शहराच्या संदर्भात करणे अनेक कारणांनी सोयीचे आहे. एक तर हे विजेच्या सूक्ष्म उपकरणांचे शहर होय. दुसरे असे की १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आणि १९६४ चे कृषी विज्ञान विद्यापीठ ही दोन्ही येथे आहेत, आणि आकाशातून जमिनीची ओल पाहणारा उपग्रहही याच शहरात जोडला गेला. तिसरे कारण अधिक साधे आहे. शहराभोवतीची जमीन तांबडी, हलकी आणि नाचणीची. ती पाणी फार काळ धरून ठेवीत नाही, आणि तिच्याखाली ठिकठिकाणी विंधनविहिरी खोल खोल चालल्या आहेत. अशा प्रदेशात ओलीचे मोजमाप हा निव्वळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

ओल मोजण्याची सर्वांत जुनी शास्त्रीय रीत आजही सर्वांत विश्वासाची आहे, आणि ती कोणत्याही गृहिणीला समजेल अशी आहे. शेतातील माती डबीत घालून वजन करावयाचे, ती भट्टीत १०५ अंश सेल्सिअस तापमानाला दिवसभर वाळवावयाची आणि पुन्हा वजन करावयाचे. जो फरक पडेल तेवढे पाणी. यात दोष एकच: उत्तर दुसऱ्या दिवशी मिळते, आणि तोवर पिकाची वेळ निघून गेलेली असते. शिवाय जी माती उकरून नेली तीच पुन्हा मोजता येत नाही.

म्हणून जागच्या जागी मोजण्याच्या युक्त्या निघाल्या. सच्छिद्र मातीच्या भांड्यात पाणी भरून ते मुळांजवळ पुरावयाचे आणि कोरडी होणारी जमीन त्यातील पाणी किती जोराने ओढते ते मोजावयाचे, ही त्यांपैकी एक. जिप्समच्या ठोकळ्यात विजेची दोन टोके बसवून तो जमिनीत पुरण्याची रीत मिशिगनमधील ब्युयूकोस व मिक यांनी १९४० मध्ये पुढे आणली. १९५२ पासून किरणोत्सर्गी द्रव्याचा उपयोग करणारे न्यूट्रॉन उपकरणही प्रयोगक्षेत्रांवर दिसू लागले; पण ते शेतकऱ्याच्या हाती देण्याजोगे कधीच नव्हते.

आजच्या शलाकांचे मूळ मात्र शेतीत नाही. जमिनीखालून गेलेली तार कोठे तुटली आहे ते शोधण्यासाठी तारेतून विजेचा स्पंद पाठवावयाचा आणि तो परत येण्यास किती वेळ लागतो ते पाहावयाचे, ही तारायंत्रांच्या जाणकारांची युक्ती. कॅनडातील टॉप, डेव्हिस व अ‍ॅनन यांनी हीच युक्ती मातीला लावली आणि १९८० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यामागील तत्त्व थोडक्यात असे. विजेच्या क्षेत्रात ठेवलेला प्रत्येक पदार्थ त्या क्षेत्राला कमी-अधिक प्रतिसाद देतो. हा प्रतिसाद मोजणारा अंक हवेसाठी १, कोरड्या मातीसाठी सुमारे ३ ते ५, आणि पाण्यासाठी जवळजवळ ८० आहे. पाण्याचा रेणू एका टोकाला धन व दुसऱ्या टोकाला ऋण असल्यामुळे क्षेत्राची दिशा बदलताच तो वळतो. म्हणून ही तफावत. साहजिकच मातीत थोडे पाणी वाढले तरी हा अंक भराभर वाढतो आणि शलाकेतून जाणारा स्पंद मंदावतो. स्वस्त उपकरणांत स्पंदाचा वेळ मोजीत नाहीत. मातीत विजेचा साठा किती होतो ते मोजतात. तत्त्व तेच.

येथवर सारे सरळ आहे. खरी अडचण यानंतर सुरू होते, आणि ती यंत्राच्या बनावटीत नसून मातीच्या स्वभावात आहे.

उपकरणाने शंभरात वीस भाग पाणी असा आकडा दाखविला असे समजू. बेंगळुरूभोवतालच्या तांबड्या, वाळूमिश्रित जमिनीत हा आकडा समाधानाचा आहे. पीक सुखात असते. हाच आकडा सोलापूर किंवा विजापूरकडील काळ्या चिकण जमिनीत आला तर तेथील पीक माना टाकण्याच्या बेतात असते. पाणी तितकेच, पण एका जमिनीत ते मुळांना मिळते आणि दुसरीत मिळत नाही. याचे कारण मातीच्या कणांत आहे. काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म व पापुद्र्यांचे असतात की शुद्ध स्वरूपातील एका ग्रॅमचे पृष्ठफळ काहीशे चौरस मीटर भरते. तांबड्या जमिनीतील चिकणमातीचे त्याच्या एक दशांशही नसते. या अफाट पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर घट्ट धरून ठेवला जातो. मुळे साधारणपणे पंधरा वातावरणांच्या जोरापर्यंत पाणी ओढू शकतात. त्याहून घट्ट धरलेले पाणी जमिनीत असून नसल्यासारखेच. सावकाराच्या तिजोरीतील धान्याप्रमाणे ते दिसते, पण भुकेल्याच्या ताटात पडत नाही.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. हे घट्ट धरलेले पाणी विजेच्या क्षेत्रालाही मोकळ्या पाण्यासारखा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे शलाका ते कमी मोजते. उलट जमिनीत क्षार असतील, तर स्वस्त उपकरण आहे त्याहून अधिक ओल दाखविते. आणि उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली, शलाकेच्या कडेने केसाएवढी जरी फट पडली, तर उपकरण मातीऐवजी हवाच मोजू लागते. म्हणजे चूक एकाच दिशेची असती तर तिची वजावट तरी करता आली असती. येथे तीही सोय नाही. परदेशी समशीतोष्ण जमिनींसाठी कारखान्यात ठरविलेले कोष्टक घेऊन हे उपकरण दख्खनच्या रानात रोवले, तर ते खोटे बोलते असे म्हणता येणार नाही. ते दुसऱ्याच जमिनीविषयी बोलत असते.

या प्रश्नाचा अभ्यास जेथे चिकाटीने चालला आहे असे एक ठिकाण बेंगळुरूपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, चामराजनगर जिल्ह्यातील गुंडलुपेट तालुक्यात, बंदिपूरच्या अरण्याला लागून आहे. बेरंबाडी हे त्या पाणलोटाचे नाव. क्षेत्र सुमारे ८४ चौरस किलोमीटर. भारतीय विज्ञान संस्थेचे संशोधक फ्रेंच संशोधन संस्थांच्या सहकार्याने तेथे पाऊस, भूजल व मातीची ओल यांची वर्षानुवर्षे नोंद करीत आले आहेत. या ठिकाणाचे वैशिष्ट्य असे की तांबडी आणि काळी अशी दोन्ही रानें एकाच शिवारात सापडतात. हळद, झेंडू, सूर्यफूल, ज्वारी अशी पिके तेथे निघतात. त्यांतील बागायत विंधनविहिरींवर चालते आणि त्या विहिरींचे पाणी गेल्या काही दशकांत पुष्कळ खाली गेले आहे.

उपग्रहांनी सांगितलेली ओल कितपत खरी, याची परीक्षा घेण्यासाठीही ही शेते उपयोगी पडली. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा भारत व अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात जोडण्यात आला होता. ढग असोत की रात्र असो, त्याच्या रडारलहरी जमिनीपर्यंत पोहोचतात आणि दर बारा दिवसांनी तो त्याच भूभागावर परत येतो. परंतु या लहरींना कळते ती वरच्या चार-पाच सेंटिमीटरांचीच ओल. उसाची वा द्राक्षाची मुळे ज्या खोलीवर पाणी शोधतात, तेथे काय चालले आहे हे पाहण्यास शलाका रोवण्यावाचून गत्यंतर नाही.

आता या उपकरणाचा शेतकऱ्याला उपयोग किती? येथे शास्त्राची बाजू सोडून व्यवहाराच्या बाजूला यावे लागते. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज विनामूल्य आहे. महाराष्ट्रातही २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत तशी योजना लागू झाली. शिवाय ही वीज येते ती ठराविक तासांनाच, आणि पुष्कळदा रात्री. ज्याच्या पाण्याला किंमत नाही आणि वेळ स्वतःच्या हाती नाही, त्याला 'आज पाणी नको' असे सांगणारे यंत्र कशासाठी हवे? वीज आली की पंप सुरू, गेली की बंद. जमिनीला तहान आहे की नाही हा प्रश्न मध्ये येतच नाही. उद्या वीज येईल याची खात्री नसेल तर आज रान भरून घेणे हा अविचार नव्हे, ती दूरदृष्टीच ठरते. ओलीच्या उपकरणांचा प्रसार का होत नाही याची चर्चा करताना त्यांच्या किमतीकडे बोट दाखविले जाते. विजेच्या वेळापत्रकाकडे कोणी फारसे पाहत नाही.

तरीही जेथे शेतकऱ्याला स्वतःचे कारण सापडते, तेथे तो असे साधन जवळ करील. डाळिंबाचेच उदाहरण घेता येईल. बहार धरावयाचा म्हणजे बागेला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावे लागते. ताण कमी पडला तर फुले नीट लागत नाहीत, अधिक झाला तर झाड खचते. हलक्या रानात हा ताण लवकर बसतो, भारी रानात पाणी तोडूनही आठवडेच्या आठवडे बसत नाही. येथे ओलीचा आकडा पाणी वाचविण्यासाठी नव्हे, पीक साधण्यासाठी हवा असतो. जादा पाण्याने नत्र मुळांच्या खाली वाहून जाते हे ज्याने खताच्या बिलावर अनुभवले आहे, त्यालाही तो हवासा वाटेल.

अशा शेतकऱ्यासाठी आकडा तरी हवाच का, असा विचार कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने केला, आणि तो विचार करण्यासारखा आहे. तेथे तयार झालेल्या लहानशा ओलदर्शकात आकडे नाहीत. निळा, हिरवा, नारिंगी व तांबडा असे चार दिवे आहेत. निळा म्हणजे ओल भरपूर, तांबडा म्हणजे पाणी तातडीने द्या. शास्त्रज्ञाला यात अचूकता कमी वाटेल. पण मुठीतील मातीकडे पाहून शेतकरी जो निवाडा करीत आला तोही चिकट, ओली, वाफशाची, कोरडी अशा तीन-चार पायऱ्यांचाच होता. कोणत्या जमिनीत कोणता दिवा केव्हा लागावा, हे मात्र त्या त्या जमिनीत पडताळून घ्यावयास हवे.

हे पडताळणे कोणी करावयाचे, हाच आता महत्त्वाचा प्रश्न आहे. कोरडवाहू शेतीचे संशोधन पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ मध्ये आणि सोलापुरात १९३३ मध्ये सुरू झाले. रब्बीची ज्वारी साठलेल्या ओलीवर कशी येते याचा अभ्यास आपल्याकडे नवा नाही. प्रत्येक प्रकारच्या जमिनीत किती ओलीला पीक माना टाकते, हे ठरविण्यासाठी ना उपग्रह लागतो ना परदेशी यंत्र. कृषी विद्यापीठे आणि तालुक्यांच्या माती परीक्षण प्रयोगशाळा हे काम करू शकतात. शलाका विकणारा व्यापारी ते करणार नाही, आणि प्रत्येक शेतकऱ्याने आपापल्या खर्चाने ते करावे ही अपेक्षा अवाजवी आहे. एकदा तालुक्यातील मुख्य जमिनींची अशी कोष्टके तयार झाली, की पुढे कोणाचेही उपकरण आले तरी ती उपयोगी पडतील.

बेरंबाडीच्या शेतांतून असेच काम झाले. हाती धरावयाची शलाका घेऊन माणसे एका बांधावरून दुसऱ्या बांधावर गेली, तांबड्या रानात व काळ्या रानात वरच्या थराची ओल मोजीत राहिली, आणि उपग्रहाच्या आकड्यांशी ती ताडून पाहिली. शलाकेच्या आकड्याविषयीही शंका आली, तर शेवटचा उपाय तोच जुना: माती डबीत घालावयाची, वजन करावयाचे, आणि रात्रभर १०५ अंशांच्या भट्टीत ठेवून सकाळी पुन्हा तागडीवर चढवावयाची.