पावसाचा खंड आणि धुऱ्याच्या दोन बाजू

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मृग तोंडावर आहे. कुणाची वखरणी राहिली आहे, कुणाचे पीक कर्जाचे कागद अजून बँकेत पडून आहेत. अशा दिवसांत एक दिवस मोडून तुम्ही आलात, तेव्हा मी पुस्तकातले शेतीशास्त्र सांगत बसणार नाही. शेतीची पदवी घेतली आहे खरी. पण त्या पदवीने मला जे शिकवले नाही, त्यावरच आज बोलायचे आहे.

अलीकडे एक नवा शब्द कानावर पडतो. हवामान बदल. पूर्वी कापूस कमी पिकला की साहेब लोक म्हणायचे, शेतकरी आळशी आहे. मग म्हणू लागले, शिफारशीप्रमाणे खत देत नाही. आता म्हणतात, काय करणार, हवामानच बदलले! शब्द खोटा नाही, हे आधी सांगून टाकतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की मध्य भारतात मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. केंद्र सरकारच्याच २०२० च्या अहवालात आहे की १९५१ ते १९८० या तीस वर्षांच्या मानाने १९८१ ते २०११ या काळात पावसाळ्यातले खंड २७ टक्क्यांनी वाढले. म्हणजे पडतो तेव्हा धो धो पडतो, आणि मग गायब होतो. हे कळायला आपल्याला अहवाल लागत नव्हता, पण कागदावर आले हे बरे झाले.

माझे भांडण शब्दाशी नाही, त्या शब्दाआड जे झाकले जाते त्याच्याशी आहे. खंड सगळ्या गावावर पडतो. मग त्याच गावात एकाला एकरी सात क्विंटल कापूस आणि दुसऱ्याला दोन क्विंटल, हे कसे होते?

माझीच फजिती सांगतो. २०१४ साल. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांना सल्ला देण्याचे काम करीत होतो. जूनमध्ये एक सर आली आणि पाऊस पळाला. आमची शिफारस ठरलेली: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय पेरू नका. शिफारस शास्त्राला धरून आहे, आजही मी तेच सांगेन. एका मावशीने पहिल्याच सरीवर तीन एकर सरकी टोबली होती. नवरा वारलेला, पदरी दोन मुली. मी धुऱ्यावर उभा राहून तिला शहाणपण शिकवू लागलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "साहेब, बैल काय माहे हायेत? ज्या दिवशी जोडी भेटली, त्या दिवशी पेरा लागते. थांबली अन् जोडी दुसऱ्याच्या वावरात गेली, तं मंग आठ दिवस कोन देते?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिची पेरणी मोडली. दुबार पेरणीचे बियाणे दुकानदाराकडून उधारीवर, शेकडा तीन रुपये महिन्याने आले. त्या सालच्या कागदावर तिचे नुकसान 'पावसाने ओढ दिल्याने' असे लिहिले गेले असेल. तिच्या दारात बैलजोडी असती तर ती थांबली असती, आणि तोच पाऊस तिच्या वावरात निम्म्यानेही नडला नसता. मी ती नोकरी पुढे सोडली. त्याला कारणे आणखीही होती, पण सुरुवात त्या धुऱ्यावर झाली.

आता २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदीत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आपल्याकडे कितीतरी महसूल मंडळांत एकवीस दिवसांच्या वर पाऊस नव्हता. पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. या अवस्थेत ती दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी पिते. एक मीटर खोल काळी जमीन भरली असेल, तर पिकाच्या कामी येणारी सुमारे २०० मिलिमीटर ओल पोटात धरते. वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या बरडात ४०-५० मिलिमीटर धरली तरी खूप. करा हिशेब. बरडावरची पऱ्हाटी नवव्या-दहाव्या दिवशी माना टाकते, पातेगळ होते, मग लाल्या दिसू लागतो. खोल जमिनीतली पऱ्हाटी दुपारी सुकल्यासारखी दिसते, पण खंड काढून नेते. धुरा एकच, आभाळ एकच.

बरड कुणाच्या वाट्याला आली? वाटणीत मागे राहिलेल्याच्या, गायरानाचा पट्टा मिळालेल्याच्या, ज्याने अडीनडीला नदीकाठचे भारी वावर विकून टेकडीकडचे ठेवले त्याच्या. आणि हलकी जमीन आणखी हलकी होत जाते, तेही ऐका. १९८० च्या सुमारास या राज्यात ज्वारी साठ लाख हेक्टरांच्या वर होती. आता खरीप-रब्बी मिळून वीस लाखांच्या आत आली आहे. ज्वारी का गेली हे तुम्हाला मी सांगायला नको: भाव नाही, पाखरे आणि रानडुकरे ठेवत नाहीत, आणि परतीचा पाऊस कणसावर बसला की दाणे काळे पडतात आणि व्यापारी हात लावत नाही. पण ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा गेला तशी दावणीची जनावरे गेली, जनावरांबरोबर शेणखत गेले. शेणखत न मिळालेली माती सर आली की वाहून जाते आणि उघडीप पडली की लवकर सुकते. आज ट्रॅक्टरवाल्याच्या नंबराची वाट पाहणारा माणूस आणि नवव्या दिवशी सुकणारे वावर, या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आमच्या विद्यापीठांत मात्र एक विषय मृदाशास्त्रात शिकवतात आणि दुसरा अर्थशास्त्रात!

पीक हाती आल्यावरही हे थांबत नाही. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा बारा टक्के. सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने वावरेच्या वावरे पाण्याखाली गेली, परतीचा पाऊस लांबला, आणि पहिली वेचणी ओली आली. ज्याच्या घरी कापूस पसरायला जागा आणि महिनाभर थांबायला पैसा, त्याने तो वाळवून, ॲपवर नोंदणी करून, नंबर लावून केंद्रावर नेला. ज्याला वेचणीची मजुरी त्याच आठवड्यात चुकवायची होती आणि दिवाळी तोंडावर होती, त्याने खेडा खरेदीवाल्याला मागेल त्या भावात दिला. वर ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क सरकारने माफ केले होते, म्हणजे गिरणीवाल्याला घाई नव्हती. घाई फक्त आपल्याला. ओलावा आभाळाने आणला, पण त्यावरची कपात गरिबाच्याच कापसाला लागली.

हे आपल्याच नशिबात आहे असेही समजू नका. आफ्रिकेतल्या माली आणि बुर्किना फासो या देशांत आपल्यासारखीच कापूस आणि ज्वारीची पावसावरची शेती आहे. बेनिन आणि चाड यांना बरोबर घेऊन त्यांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गाऱ्हाणे मांडले होते, की अमेरिका आपल्या कापसाला अनुदान देते आणि त्याने जगाचा भाव पडतो. आता त्या अमेरिकेतले टेक्सास पाहा. तिथेही कोरडवाहू कापूस मोठा आहे. २०२२ मध्ये असा दुष्काळ पडला की पेरलेल्यापैकी निम्म्याहून जास्त क्षेत्र वेचणीआधीच सोडून द्यावे लागले. खंड आपल्यापेक्षा वाईट. पण तिथल्या शेतकऱ्याचा विमा होता, त्या विम्याच्या हप्त्याचा निम्म्याहून मोठा हिस्सा सरकार भरते, आणि पुढच्या हंगामाला पेरायला त्याला बायकोचे डोरले गहाण टाकावे लागले नाही. उष्णता वाढवणारा धूर शंभर वर्षे जास्त कुणी सोडला, हेही लक्षात ठेवा.

आपल्याकडे काय झाले? २०२३ च्या त्या खंडात, हंगामातच पीक निम्म्याने जाणार असे दिसले तर विम्याची २५ टक्के आगाऊ रक्कम देण्याची तरतूद होती. काही मंडळांत पैसे आले, काहींत भांडावे लागले. २०२५ च्या खरिपात एक रुपयातला विमा बंद झाला, कापसाला विमा रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत हप्ता लागला, आणि खंडाची ती तरतूदच काढून टाकली गेली. राहिला फक्त पीक कापणी प्रयोग, तोही महसूल मंडळाच्या सरासरीवर. मंडळात पंधरा-वीस गावे. कुणाच्या शिवारात पाऊस, कुणाच्या नाही. खंड वाढले असे केंद्राचा अहवाल सांगतो आणि राज्याचा विमा खंडच मोजत नाही, हे कुणीतरी मला समजावून सांगावे.

म्हणून या हंगामात मागण्यांची लांबलचक यादी करू नये असे माझे मत आहे. कर्जमाफीवर काहींचे मत वेगळे आहे, ते त्यांनी मांडावे. मी तीनच गोष्टी धरून ठेवतो. पीक कर्ज मे महिन्यात हातात पडले पाहिजे. पेरणी होऊन गेल्यावर मिळालेले कर्ज दुकानदाराची उधारी फेडण्यात जाते. विम्यात खंडाची तरतूद परत आली पाहिजे आणि पाऊस गावात मोजला गेला पाहिजे. खरेदी केंद्रे दिवाळीच्या आधी उघडली पाहिजेत.

आणि आपण काय करायचे? बरडावर सलग कापूस लावण्याचा हट्ट सोडा. तूर, ज्वारी, मूग यांची मिश्र पेरणी करा. खंडात सगळेच जात नाही. पेरणी उताराला आडवी करा. शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सरी पाडा. दोरीचा खर्च किती ते तुम्हाला माहीत आहे. कोसळणारा पाऊस त्या सरीत थांबतो आणि पुढच्या खंडात चार-सहा दिवस जास्त मिळतात. चार-सहा दिवसांत बरड भारी होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. ज्यांच्याकडे जोडी आहे, त्यांनी गावातल्या बिनबैलांच्या घरांची यादी करून, ओल पुरेशी झाल्यावर पाळीने पेरून द्यायचे ठरवता येईल का, ते गावात बसून पाहा. दोन-तीन गावांनी आज होकार दिला आहे.

शेवटचे काम वहीचे. प्रत्येक गावात एका उघड्या जागी सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा ठेवा. रोज सकाळी साडेआठला त्यातले पाणी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा, तारीख घालून लिहा आणि डबा रिकामा करा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. आपल्याला खरी गरज त्या शून्यांची आहे. शाळेतल्या पोरींना हे काम द्या, त्या आपल्यापेक्षा नेमाने करतात. पोळ्यानंतरच्या तालुका बैठकीला येताना ती वही घेऊन या.