पापण्या बघायला कोण शिकवणार?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातून आलेल्या माझ्या डॉक्टर मित्र-मैत्रिणींनो,

रविवारची ओपीडी बंद ठेवून तुम्ही इथे आला आहात. तेव्हा थेट विषयाला हात घालतो.

२०२४ साली अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वर्षाला शंभर जागा. आजारी माणसाला लोकलमध्ये बसवून ठाण्याला, शीवला नाहीतर केईएमला न्यायचे, हीच आपल्या भागाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्या भागात आता डॉक्टर घडणार आहेत. या बातमीने मला किती आनंद झाला हे सांगता येणार नाही. पण ही मुले कुणाचे डॉक्टर होणार, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. बदलापूर सोडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या सुरू होतात. पुढे मुरबाड, पलीकडे शहापूर, रेल्वेच्या अंगाने कर्जत. तिथला माणूस पहिल्यांदा ज्याच्यासमोर बसतो, त्या डॉक्टरला आपण कुठे आणि कसे शिकवतो?

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. पदवी घेऊन मी मुरबाड तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झालो, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. श्रावणातली पहाट होती. एका ठाकर तरुणाला दोघांनी खांद्यावर घालून आणले. रात्री जेवून घरात जमिनीवरच झोपला होता, पहाटे पोटात कळा, दोन उलट्या. मी पोट तपासले, ते मऊ होते. पायावर सूज नाही, कुठे खूण नाही. मी आम्लपित्ताचे इंजेक्शन लिहिले. आमच्या सिस्टर केसपेपर हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, आधी त्याच्या पापण्या बघा."

पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या. मला ती झोप वाटली होती. सिस्टरनी त्याला एका दमात आकडे मोजायला सांगितले. तो सातावर थांबला. पाच मिनिटांनी चारावर. मण्यार! ती रात्री अंथरुणात शिरते, चावलेले कळत नाही, सूज येत नाही, आधी पोट दुखते आणि मग श्वासाचे स्नायू थकत जातात. हा धडा मला तोंडपाठ होता, परीक्षेत त्यावर गुणही मिळाले होते. पण पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या माणसात मण्यार दिसायला जी नजर लागते, ती मला कुणी दिली नव्हती. आम्ही विषप्रतिबंधक लस सुरू केली, त्याला जीपमध्ये घातले आणि उल्हासनगर येईपर्यंत मी अंबू बॅग दाबत राहिलो. तो वाचला. माझ्या वैद्यकीय शिक्षणाचा खरा आरंभ मी त्या पहाटेपासून धरतो, आणि त्या सिस्टरना माझे पहिले गुरू मानतो.

असे शिक्षण योगायोगावर का सोडायचे? पुस्तकातल्या कितीतरी गोष्टी वाडीवरच हाताला लागतात. घोणस किंवा फुरसे चावल्याची शंका असेल तर स्वच्छ, कोरड्या काचनळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग ती तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर विष भिनले आहे. या चाचणीला वीजही लागत नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात, म्हणून मुलाचे लसीकरणाचे कार्ड अर्धे कोरे असते. त्या आईला रागे भरणाऱ्या डॉक्टरला हे वेळापत्रक माहीतच नसते. भातलावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत वेदना आणि लाल डोळे एकत्र दिसले की लेप्टोस्पायरोसिस मनात यायला हवा. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी आपल्या घरांत शिरली, तेव्हापासून हे आपल्याला नीट कळते. मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात वाढलेल्या मुलाला ते कुठून कळणार?

आणि हाडवैद्य. आपण त्यांचे नाव काढले की नाक मुरडतो. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्यामुळे काळे पडलेले हात मी पाहिले आहेत, त्याचे समर्थन मी कधीही करणार नाही. पण लोक तिकडे जातात, कारण हाडवैद्य आधी दुखऱ्या जागेला हात लावतो, आणि आपण आधी एक्स-रेची चिठ्ठी लिहितो. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने १८९२ साली मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या लहान गावात ऑस्टिओपॅथीचे पहिले विद्यालय काढले, तेही हाताने तपासण्यावर भर देऊन. आज अमेरिकेतले ऑस्टिओपॅथिक डॉक्टर इतर डॉक्टरांच्या बरोबरीने सगळी आधुनिक औषधे देतात, शस्त्रक्रिया करतात, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण कुटुंबाचे डॉक्टर होतात. त्यांची उपचारपद्धती आपण घ्यावी असे माझे म्हणणे नाही. घ्यायची ती त्यांची शिकवण्याची रीत. स्टिलच्याच नावाच्या विद्यापीठाची ॲरिझोनातली शाखा विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षापासूनच गरीब वस्त्यांतल्या आरोग्य केंद्रांवर शिकायला धाडते.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. १९४६ च्या भोर समितीने समाजाचा डॉक्टर घडवण्याची कल्पना मांडली होती. तिच्याच शिफारशीनंतर डॉक्टरकीचे कमी मुदतीचे लायसन्सिएट अभ्यासक्रम बंद होत गेले. एकच उत्तम दर्जाचा डॉक्टर हवा, हा हेतू चांगला होता. पण खेड्यात दवाखाना थाटणारा लायसन्सिएट, म्हणजे एलसीपीएस डॉक्टर त्यात संपला आणि त्याची जागा भरायचे राहून गेले. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तिथे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी त्या गावात मुक्कामाला राहते आणि पुढेही तिथल्या कुटुंबांकडे जात राहते. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला गावातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून जे टिपले, ते 'लॅन्सेट'ने छापले आणि प्राझोसिन या औषधाने पुढे असंख्य जीव वाचले. हे ज्ञान कोकणातल्या एका आरोग्य केंद्रात जन्मले, हे नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

आता सगळ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम आला आहे. चांगली गोष्ट आहे. पण बसमधून उतरायचे, रक्तदाब मोजायचा, फॉर्म भरायचा, फोटो काढायचा आणि परतायचे, असा तो झाला तर त्यातून काही उगवणार नाही. सेवाबंधाचेही तेच. एक वर्ष गावात काम करा, नाहीतर दहा लाख भरा, असे आपण मुलांना सांगत आलो. ज्याची तयारी कधी करून घेतली नाही, ते काम दंडाच्या धाकाने करवून घेणे मला चूक वाटते. गाव ही शिक्षा आहे, हा धडा त्यातूनच दिला जातो. उपकेंद्रांवर आज समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आपले बीएएमएस झालेले तरुण सहकारी सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन काम करत आहेत. अडल्या वेळी त्यांनी फोन कुणाला करायचा? त्यांची पदवी वेगळी म्हणून त्यांना दूर ठेवणे आपल्याला शोभत नाही.

इथे आपले काम सुरू होते. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत कौटुंबिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग नाही. तो विभाग आपण आहोत. उल्हासनगरच्या कॅम्पांत, फाळणीत सिंध सोडून आलेल्यांच्या बराकींत ज्यांनी दवाखाने चालवले, त्यांना घरातल्या तीन पिढ्यांची दुखणी माहीत होती. कुठला ताप दोन दिवस थांबू शकतो आणि कुठला आत्ताच्या आत्ता मध्यवर्ती रुग्णालयात पाठवायचा, हे ते माणूस दारातून आत येतानाच ओळखत. "सलाईन लावा" म्हणून हट्ट धरणाऱ्याला न दुखावता नाही कसे म्हणायचे, हे कुठल्या पुस्तकात आहे? ते आपल्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसल्यावरच शिकता येते.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. अंबरनाथच्या महाविद्यालयाने आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने इंटर्नशिपमधला काही काळ खाजगी कौटुंबिक दवाखान्यांत आणि वाड्यांवरच्या उपकेंद्रांत रीतसर मान्य करावा. तसा ठराव आज दुपारी आपल्यासमोर येईल, तो मंजूर करा. दुसरी मागणी तुमच्याकडे. आठवड्यातला एक वार द्या. त्या दिवशी एक विद्यार्थी तुमच्या शेजारी बसेल, तुम्ही त्याला घेऊन एका वाडीवर जाल, तिथल्या आशाताईंची आणि सिस्टरची त्याचे शिक्षक म्हणून ओळख करून द्याल. ओपीडी बुडेल, कमाई कमी होईल, हे मला माहीत आहे. तरी द्या.

सभागृहाबाहेरच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. पहिल्या ओळीत मी माझा गुरुवार लिहिला आहे. चहाला उठाल तेव्हा खालच्या ओळीत आपले नाव, दवाखान्याचा पत्ता आणि आपला वार लिहा.